हवेचे निकष आणि रस्त्यांचा निधी

अमेरिकेत ज्या महानगर प्रदेशांची हवा राष्ट्रीय निकषांत बसत नाही, त्यांना रस्त्यांसाठी केंद्रीय निधी सहज मिळत नाही. स्वच्छ हवा कायद्यातील १९९० च्या दुरुस्तीने ही अट कडक केली. नियोजित रस्त्यांवर पुढे किती वाहने धावतील आणि किती धूर सोडतील, याचा हिशेब राज्याने ठरवलेल्या उत्सर्जन मर्यादेत बसावा लागतो. अटलांटा येथे १९९८ मध्ये तो बसला नाही. अट केवळ कागदी नव्हती. नव्या रस्त्यांचा निधी अडला आणि १९९९ मध्ये जॉर्जिया राज्याला प्रादेशिक वाहतूक प्राधिकरण स्थापावे लागले. भारतात पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. रस्त्यांच्या निधीला मात्र तशी अट नाही.