नाचाचा परवाना

दिवाळीच्या फराळात डान्सबारचा विषय वाढावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. पण हे प्रकरण कायद्याचे आहे, आणि कायदा घरात वाचायला हरकत नसावी.

असले मनोरंजनगृह उघडायचे तर पूर्वी काय लागे? मद्याचा परवाना निराळा, खाणावळीचा निराळा, आणि नाचासाठी पोलिसांचा निराळा. हा शेवटचा परवाना १९६० च्या ज्या नियमावलीतून मिळे, तिच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत! फडासाठी बेतलेला अंगरखा मुंबईच्या परमिट रूमला चढला, आणि कित्येक वर्षे तो बसलाही.

२००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमधला नाच बंद झाला. मला खरी मौज वाटते ती त्यातल्या सवलतीच्या कलमाची. तीन तारे किंवा अधिक तारे मिरवणारी हॉटेले, नाट्यगृहे, केवळ सभासदांनाच दार उघडणारे जिमखाने, या सर्वांना मोकळीक. म्हणजे नाच तोच. पण पाहणाऱ्याचा खिसा जड असला की तो नीतीला बाधत नाही! १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नेमका हा भेद घटनाबाह्य ठरवला. तरी त्या निकालाला स्थगिती मिळाली आणि दारे बंदच राहिली. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. पंचाहत्तर हजारांवर बाया बेकार झाल्या, आणि रोगापेक्षा औषधच जालीम ठरले, असे त्या निकालपत्रात आहे. मधली आठ वर्षे त्या बायांनी कशी काढली असतील, हे मात्र कोणत्याही निकालपत्रात मावणारे नव्हे.

सरकार हटले नाही. भेदभावाला न्यायालयाची हरकत ना? मग २०१४ मध्ये सवलतच काढून टाकली. सर्वांना सारखी बंदी! २०१५ मध्ये तिलाही स्थगिती मिळाली, तेव्हा २०१६ चा नवा कायदा आला. त्याच्या लांबलचक नावात स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण आहे. अटी पाहा: शाळा आणि देवळांपासून एक किलोमीटर दूर, आत कॅमेरे, जिथे नाच तिथे मद्य नाही. मुंबईत एक किलोमीटरच्या आत देऊळ किंवा शाळा नाही अशी जागा शोधून काढणाऱ्याला मी तरी परवान्याऐवजी बक्षीसच देईन.

१७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री आणि भूषण यांनी या अटी रद्द केल्या. २००५ पासून एकही परवाना दिला गेला नव्हता, ही गोष्टही त्यांनी टिपली. परवानेवाला ‘सच्छील’ असावा, ही अटही गेली. सच्छील म्हणजे काय हे कायद्यानेच सांगितलेले नव्हते. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ मात्र टिकली. नोटा उधळायच्या नाहीत, हेही टिकले. नाचणारणीला बक्षिसी द्यायची तर ती तिच्या हातात द्यायची.

एवढे मोजमाप झाले, त्यात तिच्या हाताचा उल्लेख आला तो इथे.