शिरगणतीच्या वहीत आपला समाज

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा या स्मरणिकेतील अन्य लेखांतून वाचकांपुढे येईलच. प्रस्तुत लेखात एका वेगळ्या हिशेबाकडे समाजबांधवांचे लक्ष वेधावे, असा माझा नम्र प्रयत्न आहे. तो हिशेब आहे आपल्या समाजाच्या लोकसंख्येचा. ‘आपली संख्या घटत चालली आहे’ हे वाक्य आपण प्रत्येक सभा-संमेलनात ऐकतो. परंतु ती खरोखर घटली का, केव्हा घटली आणि कशामुळे, हे वही उघडून पाहिल्याशिवाय बोलणे योग्य नव्हे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी आहे. मात्र लोकसंख्याशास्त्राचा आद्य प्रवर्तक म्हणून ज्याचा गौरव होतो, तो लंडनचा जॉन ग्राँट हाही (१६२०-१६७४) फिती, बटणे व कापडाच्या व्यापारातलाच गृहस्थ होता. प्लेगच्या भीतीमुळे लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंच्या नोंदींची पत्रके निघत. लोक ती वाचून टाकून देत. ग्राँटने अनेक वर्षांची पत्रके जमवली, दुकानदाराच्या चिकाटीने त्यांच्या बेरजा-वजाबाक्या केल्या आणि १६६२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. लंडनची वस्ती दशलक्षांच्या घरात आहे, असे लोक समजत. त्याने ती सुमारे ३ लाख ८४ हजार असल्याचे हिशेबाने दाखवले.

त्याच्या ग्रंथातील तीन गोष्टी आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, नोंद करणाराच चुकत असेल तर आकड्यावर विसंबता येत नाही. लंडनमध्ये मृत्यूचे कारण पाहण्यासाठी नेमलेल्या वृद्ध स्त्रिया थोड्या पैशांच्या मोबदल्यात रोगाचे नाव बदलून सांगत, हे त्याने निदर्शनास आणले. दुसरी, केवळ अखेरची शिल्लक पाहून भागत नाही. जमा आणि खर्च वेगवेगळे पाहावे लागतात. लंडनमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत, तरीही खेड्यांतून येणाऱ्या लोकांमुळे शहर वाढत होते. तिसरी, मुलगे आणि मुली यांच्या जन्माचे प्रमाण बरेच स्थिर असते. लंडनमध्ये ते १४ मुलग्यांमागे १३ मुली असे त्याला आढळले.

या तीन कसोट्या आता आपल्या समाजाच्या आकड्यांना लावून पाहू. भारतात देशव्यापी एककालिक जनगणना १८८१ पासून दर दहा वर्षांनी होऊ लागली आणि तीत जैन धर्मीयांची स्वतंत्र नोंद झाली. १८९१ मध्ये जैनांची संख्या सुमारे १४.१६ लाख होती. ती १९०१ मध्ये १३.३४ लाख, १९११ मध्ये १२.४८ लाख आणि १९२१ मध्ये ११.७८ लाख झाली. तीस वर्षांत दर सहा माणसांमागे एक माणूस वहीतून कमी झाला. या काळात १८९६ पासूनचा प्लेग, १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ अशी संकटे कोसळली. गुजरात व राजस्थान या आपल्या मोठ्या वस्तीच्या प्रदेशांना दुष्काळाची, तर व्यापारी पेठांना प्लेगची झळ विशेष बसली. १९११ ते १९२१ या दशकात तर संपूर्ण देशाचीच लोकसंख्या किंचित घटली. त्याखेरीज बालविवाह आणि विधवाविवाहास असलेली बंदी ही समाजांतर्गत कारणे होती. अनेक जैनांची नोंद ‘हिंदू’ म्हणून होत असे, हेही एक कारण होते. डॉ. विलास संगवे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या जैन समाजाच्या पाहणीविषयक ग्रंथात लोकसंख्येच्या या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला आहे.

१९२१ नंतर चित्र पालटले. साथी व दुष्काळ आटोक्यात येत गेल्याने मृत्यूचे प्रमाण आधी उतरले. जन्माचे प्रमाण बऱ्याच उशिरा उतरले. या मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते आणि पुढे शिक्षण व सुस्थितीमुळे जन्मही कमी झाले की वाढ मंदावते, यास अभ्यासक ‘लोकसंख्या संक्रमण’ म्हणतात. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढत राहते, अशी भीती माल्थसने १७९८ मध्ये व्यक्त केली होती. या सिद्धांताने तिला मर्यादा घातली. आपली संख्या १९५१ मध्ये १६.१८ लाख, तर १९८१ मध्ये ३२.०६ लाख झाली. तीस वर्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली.

पुढील आकडे मात्र हिशेबनीसाला थबकावणारे आहेत. १९८१ ते १९९१ या दशकात वाढ जेमतेम साडेचार टक्के होती; १९९१ ते २००१ मध्ये ती एकदम २६ टक्के झाली; २००१ ते २०११ मध्ये पुन्हा ५.४ टक्क्यांवर आली. जन्म-मृत्यू असे दशकादशकाला उड्या मारीत नसतात. धर्माच्या रकान्यात आवर्जून ‘जैन’ लिहावे, असे आवाहन २००१ च्या जनगणनेपूर्वी ठिकठिकाणी झाले होते. म्हणजे उडी मोठ्या अंशी नोंदीची होती. ग्राँटची पहिली कसोटी येथे लागू पडते.

नोंदीचा भाग वगळला तरी जन्माचा प्रश्न उरतोच. पिढी कायम राहण्यासाठी प्रत्येक स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये आवश्यक मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जैनांसाठी हा आकडा २०१५-१६ मध्ये १.२, तर २०१९-२१ मध्ये १.६ आढळला. पाहणीतील जैन कुटुंबे थोडी असल्याने या दोन आकड्यांतील फरकावर फार भर देऊ नये. परंतु दोन्ही २.१ च्या खाली आहेत, हे निश्चित. २००१ मध्येच सहा वर्षांपर्यंतची बालके देशात १५.९ टक्के, तर आपल्यात १०.६ टक्के होती. त्याच वर्षी आपली साक्षरता ९४.१ टक्के, म्हणजे प्रमुख धर्मीयांत सर्वाधिक होती. लहान कुटुंब हे त्या शिक्षणाचे फळ आहे. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही.

खेद करावा असा आकडा दुसराच आहे. २००१ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या. आपल्या समाजात ८७० होत्या. २०११ मध्ये आपला आकडा ८८९ झाला, तरी देशाच्या ९१९ पेक्षा तो कमीच राहिला. ग्राँटच्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये हेच प्रमाण ९२९ पडते. निसर्ग असा भेदभाव करीत नाही. मुंगीचाही जीव जपणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या समाजाच्या वहीत ही तूट कोठून आली, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. त्या वेळी न जन्मलेल्या मुली आज विवाहयोग्य वयाच्या असत्या. वधू-वर मेळाव्यांत मुलांचे पालक जी चिंता बोलून दाखवतात, तिचे एक मूळ येथे आहे.

‘अधिक अपत्ये होऊ द्या’ असे आवाहन अलीकडे काही व्यासपीठांवरून होते. अपत्ये किती असावीत, हा त्या पती-पत्नींचा प्रश्न आहे. समाज म्हणून आपल्या हाती दोन गोष्टी निश्चित आहेत. २०२१ ची लांबलेली जनगणना आता होत असून तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा धर्माची नोंद अचूक करून घ्यावी, ही पहिली. घरात येणाऱ्या कन्येचे स्वागत पुत्राइतक्याच आनंदाने व्हावे, ही दुसरी आणि अधिक महत्त्वाची. संस्थेच्या शताब्दीच्या स्मरणिकेत जो कोणी हा हिशेब पुढे लिहील, त्याला मुलींच्या रकान्यात तूट दिसू नये, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!