पॉलिऑक्सोमेटलेट

धातू व ऑक्सिजन यांच्या अणूंचे ठरावीक आकाराचे, ऋणभारित समूह. त्यांत मुख्यतः टंगस्टन, मॉलिब्डेनम किंवा व्हॅनेडियम हे धातू असतात. समूहात फॉस्फरस किंवा सिलिकॉनसारख्या वेगळ्या मूलद्रव्याचाही अणू असला, तर त्याच्या आम्लाला हेटेरोपॉली आम्ल म्हणतात.

शोध व संरचना : बर्झीलियस यांनी १८२६ मध्ये अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेटच्या पिवळ्या साक्याची नोंद केली. अशा समूहाची रचना मात्र १९३३ मध्ये जे. एफ. केगिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. फॉस्फोटंगस्टिक आम्लात फॉस्फरसभोवती टंगस्टनचे १२ अष्टफलक तीन-तीनच्या चार गटांत बसलेले असतात. समूहात ४० ऑक्सिजन अणू असून त्याचा व्यास सुमारे १ नॅनोमीटर असतो.

माती व पाणी परीक्षण : सिंधुदुर्गातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत फॉस्फरस लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडला जातो आणि पिकांना कमी मिळतो. मातीतून काढलेल्या अर्कात आम्ल व अमोनियम मॉलिब्डेट घातल्यास फॉस्फेटभोवती मॉलिब्डेनमचा असाच केगिन समूह जुळतो. त्याचे क्षपण केल्यावर निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितके फॉस्फेट जास्त. मालवण किनाऱ्यावरील समुद्राच्या पाण्यातले फॉस्फेट मोजायलाही हीच रासायनिक क्रिया उपयोगी पडते.

हरित उत्प्रेरण : उत्प्रेरक म्हणून सल्फ्यूरिक आम्ल किंवा ॲल्युमिनियम क्लोराइड वापरल्यास शेवटी ते निष्प्रभ करावे लागते आणि क्षारयुक्त सांडपाणी उरते. हेटेरोपॉली आम्ले अतितीव्र असल्याने थोडी पुरतात. जपानमध्ये १९७२ पासून प्रोपिलीनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल बनवण्यासाठी त्यांचा औद्योगिक वापर झाला. व्हॅनेडियमयुक्त समूह इलेक्ट्रॉन सहज घेतात व देतात. त्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून ऑक्सिडीकरण करता येते व त्यापासून उपपदार्थ म्हणून पाणीच उरते.

महाराष्ट्रातील संशोधन : शुद्ध हेटेरोपॉली आम्ल पाण्यात व अल्कोहोलात विरघळते आणि त्याचे पृष्ठफळही अल्प असते. म्हणून मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (आताची रसायन तंत्रज्ञान संस्था) कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाड्याचे गणपती यादव व सहकाऱ्यांनी ते माँटमोरिलोनाइट वर्गातील के-१० मातीवर बसवले. १९९५ मध्ये या उत्प्रेरकाने टर्शरी-ब्युटिल अल्कोहोल व मिथेनॉल यांपासून मिथिल टर्शरी-ब्युटिल ईथर हा पेट्रोलमधील पूरक पदार्थ एकाच पात्रात तयार केला. पुढे त्यांनी आम्लाचे न विरघळणारे सीझियम लवण मातीच्या छिद्रांत घडवले. घन उत्प्रेरक गाळून वेगळा काढता येतो व पुन्हा वापरता येतो.

मर्यादा : टंगस्टन महाग आहे, आणि अभिक्रियेत पाणी किंवा अल्कोहोल असले की नुसते बसवलेले आम्ल आधारावरून हळूहळू सुटू लागते. म्हणून उत्प्रेरकाची पारख पहिल्या वापरातील उत्पादनावर करून भागत नाही. पुनर्वापरानंतर किती क्रियाशीलता टिकली आणि द्रवात किती टंगस्टन उतरले, हे मोजल्यावरच तो हरित ठरतो.