व्हेल शार्कचा उपग्रहाद्वारे मागोवा

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा आहे. नावात ‘व्हेल’ असले तरी तो देवमासा नसून कल्ल्यांनी श्वास घेणारा शार्क आहे. प्लवक आणि लहान मासे हे त्याचे खाद्य. किनाऱ्याजवळ चरताना दिसणारा हा मासा नंतर कोठे जातो, याचे उत्तर उपग्रहाधारित खूणयंत्रांमुळे, म्हणजेच ‘टॅग’मुळे, मिळू लागले आहे.

टॅग प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार माशाच्या पाठीवरील पराला जोडतात. खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी फार दूर जात नसल्याने मासा पृष्ठभागावर आल्यावरच त्याचा संदेश उपग्रहापर्यंत पोहोचतो. दुसऱ्या प्रकारातील टॅग पाण्याची खोली, तापमान आणि प्रकाश यांची नोंद साठवतो, ठरलेल्या दिवशी सुटून वर तरंगतो आणि माहिती पाठवतो. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळांवरून माशाचे स्थान अंदाजे काढता येते.

पनामाजवळ २०११ मध्ये टॅग लावलेल्या एका मादीने ८४१ दिवसांत २० हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून पश्चिम प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेचा परिसर गाठला. मेक्सिकोच्या आखातातील अभ्यासात १,९२८ मीटर खोल बुडीची नोंद झाली. हा मासा पाण्यापेक्षा जड असल्याने खाली जाताना फारशी शक्ती खर्च न करता तरंगत उतरतो. थंड पाण्यातून परतल्यावर तो पृष्ठभागाजवळ राहून शरीर उबदार करतो, असे ऑस्ट्रेलियातील निंगालू येथील नोंदींवरून दिसते.

पृष्ठभागावरील हाच मुक्काम धोक्याचा ठरतो. सुमारे ३५० टॅगधारी माशांवरील २०२२ च्या अभ्यासानुसार, त्यांच्या वावराचे ९२ टक्के क्षेत्र मोठ्या जहाजांच्या वाहतुकीच्या क्षेत्रात येते. काही टॅग गजबजलेल्या जलमार्गांतच बंद पडले. काहींनी मासा हळूहळू तळाशी गेल्याची नोंद केली.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृतातील तेलासाठी पूर्वी या माशाची शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले. २००४ पासूनच्या जनजागृतीनंतर तेथील मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो मासे सोडून दिले. २०११ पासून तेथेही टॅग लावण्यात आले. किनाऱ्यावर वाचवलेल्या या माशाला खोल समुद्रातही संरक्षण हवे असेल, तर त्याच्या मार्गात जहाजांचा वेग कमी करावा लागेल. त्यासाठी हा मार्ग नेमका ठाऊक असणे आवश्यक आहे.