थंडीत पातळ, अंगाला लागताच घट्ट



दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या ऑर्डरच्या चकल्या तळताना आमच्या बचत गटातल्या एका ताईच्या हातावर उकळतं तेल सांडलं. दवाखान्यात आम्ही पाळीपाळीने तिच्यासोबत जायचो. आग ती सोसायची, पण पट्टी बदलायची म्हटलं की आदल्या रात्री तिला झोप लागायची नाही. चिकटलेली पट्टी ओढली की खालची कोवळी कातडीही सोलवटून यायची. तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, "पाण्यासारखं ओतावं, अंगावर घट्ट बसावं आणि पाण्यानेच निघून जावं, असं औषध कुणी काढलं नसेल का गं?"

काढलं होतं. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

आधी आपल्या स्वयंपाकघरात जाऊ. तूप थंडीत थिजतं आणि ऊब लागली की पातळ होतं. खरवसाचं उलटं आहे. चीक पातळ असतो, वाफेवर ठेवला की घट्ट होतो. पण एकदा झालेला खरवस गार केला म्हणून परत चीक होत नाही. आता असा पदार्थ मनात आणा, जो उबेने खरवसासारखा घट्ट होतो आणि गार केला की पुन्हा पातळ होतो. उष्णतेप्रमाणे रूप बदलणारं जेल म्हणतात ते हेच.

शरीराला चालेल असं पाणी धरून ठेवणारं जेल बनवण्यात प्राग शहरातले ओट्टो विक्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम हे शास्त्रज्ञ पुढे होते. त्यांचा लेख १९६० साली आला. पुढच्याच वर्षी, १९६१ च्या नाताळात, विक्टर्ले यांनी मुलाच्या खेळण्यातले भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरच्या स्वयंपाकघरात या जेलच्या डोळ्याच्या लेन्स घडवल्या. ते जेल उबेने बदलणारं नव्हतं, पण ओलं, मऊ जेल शरीरात सुखाने राहू शकतं, हे त्यातून लोकांना पटलं.

दुसरा धागा अमेरिकेतला. मिशिगन राज्यातल्या वायनडॉट इथल्या रसायन कंपनीने १९५० च्या दशकात मळ सोडवणारे, साबणाच्या जातीचे पदार्थ बाजारात आणले होते. त्यांतल्याच एका पदार्थाला आज पोलोक्झामर ४०७ म्हणतात. याच कंपनीतल्या इर्विंग श्मोल्का यांनी १९७२ साली तो भाजलेल्या जखमेसाठी सुचवला. थंड असताना तो जखमेवर ओतायचा. अंगाच्या उबेने त्याचा थर बसतो आणि त्यात मिसळलेलं चांदीचं औषध जखमेपाशीच राहतं. काढायचा तर गार पाण्याने धुवायचा, ओढायचा नाही. त्यांनी लेखाला नाव दिलं होतं, कृत्रिम त्वचा.

हे घडतं कसं? या पदार्थाचा कण म्हणजे एक लांब धागा. त्याच्या दोन्ही टोकांना पाणी आवडतं. मधल्या भागाचं पाण्याशी फक्त थंडीत जमतं. ऊब लागली की मधले भाग पाणी सोडून एकमेकांना बिलगतात आणि बारीक गोळे होतात. शंभर भागांत वीसेक भाग हा पदार्थ असला, तर डब्यात खच्चून भरलेल्या लाडवांसारखे ते गोळे जागचे हलत नाहीत. मिश्रण घट्ट होतं. गार केलं की गोळे सुटतात.

पुढे डॉक्टरांनी हा गुण शरीराच्या आतही वापरला. कानात पाणी साठणाऱ्या मुलांच्या पडद्यात बारीक नळी बसवतात. त्यानंतर आईला रडत्या लेकराला धरून दिवसेंदिवस थेंब घालावे लागतात. २०१५ साली अमेरिकेत असं जेल मंजूर झालं, जे नळी बसवतानाच डॉक्टरांनी एकदा कानात सोडायचं होतं. २०२० साली मूत्रपिंडाच्या आतल्या भागात होणाऱ्या, संथ वाढणाऱ्या कर्करोगासाठी तिथेच दुसरं जेल मंजूर झालं. साधं पातळ औषध लघवीबरोबर लगेच वाहून जातं. हे आत घट्ट होतं आणि काही तास टिकून हळूहळू विरघळतं. आठवड्याला एक, असे सहा वेळा ते दिलं. तपासलेल्या ७१ जणांपैकी ४१ जणांत नंतर कर्करोग दिसला नाही. एरवी अशा आजारात अनेकदा मूत्रपिंडच काढावं लागतं. मात्र मूत्रनलिका अरुंद होण्याचा त्रासही पुष्कळांना झाला, हेही सांगायला हवं.

मग आमच्या ताईला हे का नाही मिळालं? भाजल्यावर सर्रास वापरायचं औषध ते झालंच नाही. ते पाण्यात लवकर विरघळतं, त्यामुळे फार दिवस टिकत नाही. शिवाय ते गार ठेवावं लागतं. आपल्याकडे वैशाखात वीज गेली, तर ते बाटलीतच घट्ट होऊन बसेल. शोध लागला म्हणजे तो वाडीवर पोचला, असं होत नाही. मधे फ्रीज लागतो, वीज लागते, रस्ता लागतो. आरोग्याचं मागणं मांडताना ग्रामसभेत आपण उपकेंद्राच्या विजेचंही बोलायला हवं, ते यासाठीच.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. भाजलं की लगेच बांगड्या, अंगठ्या काढा आणि तो भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको. तूप, हळद, टूथपेस्ट नको. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठा. आणि कुठलंही औषध घेताना विचारा, हे कुठे ठेवायचं आणि का?

ताईचा हात आता बरा आहे. यंदाच्या चकल्याही तिनेच तळल्या, पण कढई आता आम्ही भिंतीकडे सरकवून ठेवतो.