काय येते, ते सांगता येणे

कामगाराची बाजू न्यायालयात मांडावयाची वेळ आली म्हणजे आम्हांला सर्वांत जड जाणारा प्रश्न कायद्याचा नसतो. "तुम्ही काम काय करता?" हा तो प्रश्न. वीस वर्षे यंत्रापुढे उभा असलेला माणूस उत्तर देतो, "काही नाही, मशीन चालवतो." त्या 'काही नाही'च्या पोटात काय काय दडलेले असते ते बाहेर काढण्यात आमची निम्मी हयात गेली. विद्यापीठात शिकणारी मुलेही हेच उत्तर देतात हे मात्र आम्हांला उशिरा कळले.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एकाच कामाला एका गिरणीत एक दर आणि शेजारच्या गिरणीत दुसरा, अशी स्थिती पुष्कळ वर्षे होती. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. तो मिटताना नेमलेल्या फॉसेट समितीने प्रमाणित वेतनाची योजना तपासली खरी. पण असे वेतन पदरात पडावयास १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी औद्योगिक न्यायालयाने निवाडा देऊन खात्याखात्यांतील कामांचे दर ठरवून दिले. २६ दिवसांच्या महिन्यास किमान मूळ वेतन ३० रुपये धरले गेले. त्या ३० रुपयांची चर्चा पुष्कळ होते. आम्हांला मात्र त्यामागची यादी अधिक मोलाची वाटते. ज्या कामाला नाव नाही त्याचा दर मागायचा कसा? साचेवाल्याचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे कागदावर आल्यावरच त्याला मालकाशी बरोबरीने बोलता आले.

त्याच १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ते काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कधी कॉलेजात शिकले नव्हते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले होते, आणि शेतकऱ्याच्या दारात उभे राहून त्याच्याशी कसे बोलावे हे त्यांना तेथेच उमगले असले पाहिजे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत बसत, आणि स्वयंपाकालाही तीच हात लावीत. दिवस कठीण आले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या तोंडी घास घातला.

कॉलेजातही तोच रिवाज पुढे चालला. मुलांनी शेतात राबावे, जमीन सारखी करावी, मिळेल त्या मजुरीवर आपले शिक्षण उभे करावे, ही 'कमवा व शिका'ची कल्पना. श्रमाची लाज जावी आणि गरिबाचा खर्च भागावा, हे दोन्ही हेतू तिने साधले. परंतु एक गोष्ट राहून गेली असे आम्हांला वाटते. पन्नास पोरांचा स्वयंपाक वेळेवर उतरवताना, सामायिक पैशाचा हिशेब ठेवताना, निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका चुलीवर निभावून नेताना जे शिकले जाते त्याची नोंद कोठे झाली? गुणपत्रिकेवर इंग्रजीचे आणि गणिताचे आकडे उतरले, बाकीचे हातातच राहिले. गंमत अशी की १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट्. दिली. अनुभवाने आलेल्या विद्येवर विद्यापीठाचा शिक्का बसू शकतो, हे त्या दिवशी दिसले. तो एका थोर पुरुषापुरता बसला, आणि पुढच्याच महिन्यात, ९ मे रोजी, भाऊराव गेले.

आज पुणे विद्यापीठातली योजना भाऊरावांच्याच नावाने चालते. तासावर मोबदला मिळतो. कार्यालय, ग्रंथालय, बाग अशा ठिकाणी मुले काम करतात. (कायम कारकुनाची जागा रिकामी ठेवून तिच्यावर विद्यार्थी राबवणे ही योजना नव्हे, एवढे आम्ही संघटनेचे म्हणून बोलून ठेवतो.) २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवाने मिळालेल्या शिक्षणालाही श्रेयांक देण्याची तरतूद आली. तरतूद चांगली आहे. पण मागणाऱ्याला आपण काय मागतो हे ठाऊक नसेल तर ती कागदावरच राहील.

मागे आमच्या एका सभासदाचा मुलगा मुलाखतीला जाण्यापूर्वी आमच्याकडे आला. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याने दोन वर्षे काम केले होते. अर्जात 'अनुभव' या रकान्यापुढे त्याने रेघ ओढली होती. आदल्या मुलाखतीतही "काय येते?" या प्रश्नावर तो गप्प बसला होता आणि नोकरी हुकली होती. ग्रंथालयात काय करत होतास, असे विचारले. "काही नाही, पुस्तकं लावायचो." आम्ही कामगाराचा जबाब घेतो तसा त्याचा घेतला. आल्या आल्या पहिले काय करायचास? गर्दी कोणत्या दिवशी होई? चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक कसे सापडे? एखाद्याशी वाजले का? तेव्हा हळूहळू निघाले. परीक्षेच्या दिवसांत एकाच पुस्तकासाठी दहा-बाराजण येत. कोणाची परीक्षा आधी आहे हे पाहून त्याने रोज वहीत क्रम लावला होता. त्यावरून एका मोठ्या वर्गातल्या मुलाने त्याला दमदाटी केली, तरी त्याने क्रम मोडला नाही.

कोणीतरी त्याला 'नेतृत्वगुण' असा शब्द शिकवून ठेवला होता, तो त्याला अर्जात घालायचा होता. आम्ही तो खोडला. असले शब्द दहाजणांच्या अर्जांत असतात आणि एकाच्याही पाठीशी वही नसते. वहीचीच हकिकत लिही, असे सांगितले. अर्धा तास बसून त्याने चार ओळी लिहिल्या, दोनदा खोडल्या. मग मान वर करून विचारले, "काका, दमदाटीचं लिहू का?"

"लिही," आम्ही म्हणालो. "फक्त त्याचे नाव लिहू नकोस."