काचेची कड आणि बाळगुटीतलं मायफळ

निपाणीकडच्या काकवीची भरली बाटली फोटोसाठी उभी केली, की काचेत आधी दिसतो तो फोटोवालाच. मग दिवा, छत्री, खिडकी, उघडं दार. नवखा माणूस दिवे वाढवत जातो आणि प्रकरण आणखी बिघडतं. बेळगावातला जाणता माणूस समोरचे दिवे विझवतो. बाटलीमागे चौकट जेमतेम भरेल एवढं काळं मखमली कापड, त्याच्याही मागे ताणलेला मोठा ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे दिवा. उजेड काळ्याला वळसा घालून कडेकडेने पुढे येतो. काच नाहीशी होते, तिची कड तेवढी पांढऱ्या रेघेने उमटते. काकवी मात्र डांबरासारखी काळी ठिक्कर दिसते. त्यावर उपाय म्हणजे बाटलीच्याच आकाराचा, पण अंगाने थोडा लहान असा चंदेरी कागद कापून बाटलीआड लपवायचा आणि त्यावर वरून उजेड पाडायचा. काकवी लगेच तांबूस होते. पाठीमागे पांढरं ठेवून कडा काळ्या करण्याची तऱ्हा ही याच रीतीची दुसरी बाजू.

ही रीत मुळात फोटोवाल्यांची नाही, सूक्ष्मदर्शकवाल्यांची आहे, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी सूक्ष्मदर्शकाचा खालचा आरसा उजेड सरळ वर भिंगात पाठवायचा, आणि पारदर्शक जीव त्या झगझगाटात विरून जायचे. जोसेफ रीड या इंग्रज पाद्र्याने दिवाच तिरपा केला. त्याचा उजेड भिंगाला चुकवून जाई. वस्तूवर आदळून वळलेला तेवढाच वर येई. मागे अंधार, पुढे उजळलेली वस्तू. गोरिंग आणि प्रिचर्ड यांच्या १८३७ च्या ग्रंथात रीडने ही युक्ती छापली. प्रयोगशाळेत पिळदार जंतू जिवंत वळवळताना पाहायचे, तर आजही तीच वापरतात.

गंमत पुढेच आहे. हा रीड त्याच सुमाराला चांदीच्या क्षाराच्या कागदावर सूर्यप्रकाशाने चित्रं काढत होता आणि त्या कागदाला मायफळाचा काढा लावत होता. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर किड्यामुळे येणारी गाठ; आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते आणि बाळगुटीत हिरडा-वेखंडाबरोबर सहाणेवर उगाळली जाते. तिच्यातलं गॅलिक आम्ल कागदावरच्या फोटोची रीत शोधणाऱ्या इंग्रज टॅलबटच्या १८४१ च्या पेटंटच्या मुळाशी आहे. टॅलबटने लारोश नावाच्या फोटोवाल्याला कोर्टात खेचलं, तेव्हा डिसेंबर १८५४ मध्ये रीड साक्षीला उभा राहिला, तो टॅलबटच्या विरुद्ध बाजूने. ज्यूरीने शोधाचं श्रेय टॅलबटलाच दिलं. लारोशची रीत मात्र निराळी ठरवून त्याला सोडलं.

काचसामानाचा फोटो पहिल्यांदा पुस्तकात घातला तो याच टॅलबटने, १८४४ पासून भागाभागाने निघालेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’मध्ये. फळ्यांवर मांडलेले पेले आणि सुरया, मागे काळोख. पांढरी चिनी माती आणि काच एका चित्रात नीट उतरत नाहीत, मातीची भांडी आधी उमटून मोकळी होतात, हेही त्याने नोंदवलं. त्याच्याकडे काळी पाठ होती. मागून वळून येणारा उजेड रीडकडे होता. रीतीचे दोन अर्धे भाग कोर्टात समोरासमोर उभे होते, असं मी म्हणतो.

कोणी म्हणेल, ही रीत चित्रकारांकडून आली. मला पटत नाही. तैलचित्रातल्या सुरईच्या पोटावर खिडकीचा पांढरा चौकोन हटकून असतो, म्हणजे उजेड पुढूनच. दुसरा आक्षेप वजनदार आहे. काच पारखणारा कोणीही ती अंधाराकडे धरून तिरपी करतोच. प्रभाकर कंदील घडवणाऱ्या ओगलेवाडीत यासाठी कुणाला रीड वाचावा लागला नसेल. कबूल. पण डोळ्याने पारखणं वेगळं आणि काळ्याची कड व उजेडाची कड मापून जुळवणं वेगळं. हंटर आणि मंडळींच्या १९९० च्या प्रकाशयोजनेवरच्या पुस्तकात काचेच्या या दोन्ही तऱ्हांना सूक्ष्मदर्शकाचीच नावं आहेत. नावं मागाहूनही चिकटतात, हे खरं. तरी सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून जंतूंचे फोटो काढणारा आणि टेबलावर चंचुपात्राचा फोटो काढणारा हा एकाच प्रयोगशाळेतला एकच माणूस असणार, आणि हात तिथेच बसला असणार.

बेळगावच्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या क्रोम दांड्याला मात्र यातलं काही चालत नाही. त्यातून उजेड आरपार जात नाही, त्याला पुढून पांढरा तंबूच लागतो, आणि त्या तंबूचं कूळ वेगळं आहे.